कानपिळीचा मान

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वहिनीचं पत्र आलं आहे. वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. सगळं छापता येणार नाही, म्हणून त्यातलं मुख्य तेवढं त्यांच्याच शब्दांत देते.

"माझे दीर, घरात आम्ही त्यांना बाबू म्हणतो, २९ वर्षांचे आहेत. सात वर्षांआधी पुण्याकडे कंपनीत होते. एक दिवस अचानक घरी आले न् सांगू लागले की मोबाईलमधून लोक माझं बोलणं ऐकतात. रात्र रात्र जागत, एकटेच कोणाशी तरी बोलत. बाहेरचं झालं म्हणून दोन वर्षं भगताकडे फिरवलं. मग यवतमाळच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. पाच वर्षं झाली, गोळ्या आणि महिन्याचं इंजेक्शन चालू आहे. आता ते आवाज येत नाहीत म्हणतात. ढोरांचं सगळं तेच पाहतात, कापूस वेचतात. पण गाव त्यांना पागलच म्हणते. न्हावी दाढी करून देत नाही. पोट्टे मागं लागतात. पोळ्याला बैल तेच सजवतात, पण तोरणाखाली जोडी दुसराच माणूस घेऊन जातो. आता नणंदेचं जुळलं आहे, पुढच्या महिन्यात साक्षगंध आहे. मामंजी म्हणतात, पाहुणे येतील तेव्हा बाबूला वावरातल्या झोपडीत ठेवू, आणि लग्नाच्या वेळी नागपूरला महिनाभर भरती करून देऊ. सासूबाई म्हणतात, पोरीचं झालं की त्याचंही करून टाकू, बायको आली की सुधरेल. मला हे काही बरं वाटत नाही, पण सुनेनं किती बोलावं? लपवणं बरोबर आहे का? आणि माझ्या दोन मुलांना हे होईल का?"

प्रिय वहिनी,

मुलांबद्दलचा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिला आहे, पण रात्री झोप उडवत असेल तो हाच. म्हणून आधी तो. हा आजार शंभरात साधारण एकाला होतो. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर शंभरात नऊ-दहा जणांना. काकाला असेल तर पुतण्यांना शंभरात तीन-चार. म्हणजे तुमच्या लेकरांना तो न होण्याचीच शक्यता फार मोठी आहे, आणि नणंदबाईंनाही. मुलगे मोठे झाले की एक मात्र बजावून ठेवा, गांजाला हात लावायचा नाही. ज्याच्या घराण्यात हा आजार आहे त्याला गांजा इतरांपेक्षा महागात पडतो. याच्यापलीकडे मुलांची चिंता करत बसू नका.

आता झोपडीचं. त्याआधी माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. ती मी कुठे लिहिलेली नाही.

माझ्या आईला एक भाऊ होता. वर्धा जिल्ह्यातलं गाव, १९७४ साल, मी नऊ वर्षांची. मामाला घरात कोणी मारझोड करत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. त्याला गोठ्याच्या बाजूच्या खोलीत ठेवलं होतं आणि त्याचं जर्मनचं ताट वेगळं होतं, एवढंच. मावशीचं लग्न निघालं तेव्हा पाहुण्यांना दिसू नये म्हणून त्या खोलीला बाहेरून कडी लावली. जेवणाचं ताट घेऊन मला पाठवलं. दाराची खालची फळी थोडी कुजलेली होती, तिच्यातून ताट आत सरकवायचं. मी खाली वाकले तर आतून मामा म्हणाला, "लगन लागाच्या आंधी मले थोड्याशा अक्षता आनून दे व माय." मी मांडवात गेले, मूठभर ज्वारीच्या अक्षता घेतल्या आणि फळीखालून त्याच्या हातावर ओतल्या. त्यानं केसांना तेल लावून चापूनचोपून भांग पाडला होता. लाऊडस्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला तो आतल्या आत अक्षता टाकत होता, मला दाराला लागलेल्या दाण्यांचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी झाडायला गेले तर शेणानं सारवलेल्या जमिनीवर पिवळे दाणे पसरलेले होते. बहिणीचं लग्न आहे हे त्याला कळत होतं. आपल्याला का कोंडलं आहे, हेही कळत होतं.

पुढे मी परिचारिका झाले. त्यातली बरीच वर्षं मानसोपचाराच्या वॉर्डात गेली. तिथे येणाऱ्या आयांना, भावांना, वहिनींना मी ही गोष्ट सांगत नसे, पण बोलताना ती माझ्या डोळ्यापुढे असे. वॉर्डात जे शिकले ते असं: गाव आधी घराकडे पाहतं आणि मग वागतं. घरानं माणसाला झोपडीत ठेवलं की न्हाव्याला वस्तरा बाजूला ठेवायची मोकळीक मिळते. ज्याला त्याचा सख्खा बापच लपवतो, त्याच्याशी नीट वागायची परक्याला काय गरज?

मामंजींवर रागावू नका, हेही सांगते. ते वाईट आहेत म्हणून लपवत नाहीत. पोरीचं लग्न मोडेल ही भीती खरी आहे आणि विदर्भातल्या गावात ती उगीच नाही. सोयरे चौकशी करतात, घराणं बघतात, 'त्यांच्यात पागलपण आहे' एवढं एक वाक्य फोनवरून पोहोचलं की बोलणी थांबतात. पण म्हणूनच लपवणं चालत नाही. गावात पाचशे उंबरे, त्यातल्या एकाच्याही तोंडातून ते जाणार नाही का? आणि ते तुमच्या तोंडून न जाता दुसऱ्याच्या तोंडून गेलं, तर त्यात 'पागल' हा शब्द असेल, 'लपवलं' हाही शब्द असेल, आणि पाच वर्षं नियमानं चाललेलं औषध त्यात नसेल.

तेव्हा साक्षगंधाच्या आधी सांगावं. मांडवात नाही, दहा जणांत नाही. मामंजींनी आणि तुमच्या मालकांनी मुलाकडे जावं, मुलाच्या वडिलांना आणि मुलाला समोर बसवावं. शब्द साधे असावेत. "आमच्या धाकट्या मुलाला स्किझोफ्रेनिया नावाचा आजार आहे. सात वर्षं झाली. पाच वर्षांपासून डॉक्टरांचं औषध चालू आहे, शेतीचं काम करतो, कोणाला त्रास नाही. पोरीला हा आजार नाही. लग्नात तो असणार आहे. काही विचारायचं असेल तर विचारा." एवढंच. आवाज खाली न करता, माफी न मागता. शुगर किंवा मिरगी सांगतो तसं.

मोडलं तर? मोडू शकतं. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण लग्नानंतर कळून ज्या घरात रोज टोमणे बसतील, तिथे पोर देण्यापेक्षा आधी मोडलेलं बरं. आणि याबाबत नणंदबाईंना काय वाटतं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. लग्न त्यांचं आहे. त्यांना विचारा.

त्यांच्याही आधी विचारायचं ते बाबूंना. चार पानांत त्यांच्याबद्दल सगळं आहे, कुठे ठेवायचं, कधी भरती करायचं, लग्न कधी लावायचं. पण ते स्वतः काय म्हणतात, ते एकदाही आलेलं नाही. आजार त्यांचा आहे, तो सोयऱ्यांना सांगायचा तर त्यांची परवानगी लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, या कायद्यानं आजाराची गुप्तता राखणं हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. बऱ्याच घरांत असं होतं की रुग्ण समोर बसलेला असतो आणि त्याच्याबद्दल त्याच्या डोक्यावरून बोलणं चालतं, जसा तो तिथे नाहीच. सासूबाई करत असतील, तुम्हीही करत असाल. मीही केलेलं आहे, वॉर्डात, पांढऱ्या कपड्यांत.

त्याच कायद्यामुळे नागपूरचा बेतही जमणार नाही. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे. आपल्याकडे अजूनही त्याला 'पागलखाना' म्हणतात आणि 'नागपूरला पाठवू' ही धमकी लेकरांनाही देतात. पण आता तिथे कोणाला पाहुणे जाईपर्यंत ठेवून देता येत नाही. सज्ञान माणूस स्वतःच्या संमतीनं भरती होतो. संमतीशिवाय भरती फक्त तेव्हाच, जेव्हा त्याच्या जिवाला किंवा दुसऱ्याला धोका असेल किंवा त्याला स्वतःचं काहीच पाहता येत नसेल, आणि तेही डॉक्टरांनी तपासून ठरवल्यावर. जो माणूस पहाटे उठून ढोरांना चारा घालतो त्याला कोणता डॉक्टर भरती करेल? साखळी किंवा बेडीला तर कायद्यानं पूर्ण बंदी आहे. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला अशा साखळीत ठेवलेले २८ जण आगीत जळून गेले. पळता आलं नाही त्यांना. झोपडीची बाहेरून लावलेली कडी मला त्याहून फार वेगळी वाटत नाही.

भगताबद्दल तुम्ही लाजत लाजत लिहिलं आहे. लाजू नका. 'बाहेरचं आहे' म्हणणाऱ्या घरानं निदान दोष त्या माणसावर ठेवलेला नसतो, म्हणून कित्येक आया तिकडे जातात. आवाज ऐकू येतात, कोणी मागावर आहे असं वाटतं, तेव्हा ते अंगात शिरलेल्यासारखंच दिसतं. पण ते मेंदूतलं काम बिघडल्यामुळे होतं आणि औषधानं बऱ्याच जणांचं कमी होतं. देवाचं करायचं ते करा, गोळी मात्र थांबू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणी बांधून मारलं, मिरचीची धुरी दिली तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. ही गोष्ट तुमच्या घरासाठी नाही, शेजारच्या एखाद्या घरासाठी लक्षात ठेवा.

आता गावाचं. न्हाव्यापासून सुरू करते, कारण माझ्या अनुभवात तेच सगळ्यात दुखतं. दाढी वाढलेली, केस वाढलेले, मग माणूस आणखी 'पागल' दिसतो, आणि तसा दिसतो म्हणून कोणी दाढी करत नाही. हे चक्र आहे. लोकांना नेमकी भीती कशाची? 'कधी काय करेल सांगता येत नाही' याची. खरं पाहिलं तर हा आजार असलेली बहुतेक माणसं कोणावर हात उचलत नाहीत, उलट त्यांनाच जास्त मार बसतो. औषध नसेल आणि वर दारू-गांजा असेल तेव्हा धोका वाढतो, हे मी नाकारत नाही. बाबूंचं तसं काही नाही. आणि गाव ज्याला पागलपण समजतं, ते पुष्कळदा आजारही नसतं. तुम्ही लिहिलंय की ते हळू चालतात, हात थरथरतात, चेहऱ्यावर हसू येत नाही, लाळ येते. वहिनी, यातलं बरंच औषधामुळे असू शकतं. इंजेक्शननं अंग ताठर होतं, थरथर होते. त्यासाठी दुसरी गोळी असते, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. पुढच्या वेळी यवतमाळला जाल तेव्हा हे सगळं डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, कागदावर लिहून न्या. पाच वर्षं ज्या थरथरीवरून पोट्टे हसतात ती एका गोळीनं कमी होण्यासारखी असेल, आणि ती कोणी सांगितलेलीच नसेल. असं मी कितीदा पाहिलं आहे.

जनजागृतीचे फलक आणि १० ऑक्टोबरच्या, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या रॅल्या मी खूप पाहिल्या. त्यात मी स्वतः चाललेही. त्यानं गाव बदलताना फारसं दिसलं नाही. लोक बदलतात ते समोरासमोर, एकाच बाकावर बसल्यावर. म्हणून तुमच्या मालकांनी बाबूंना घेऊन एकदा न्हाव्याकडे जावं. आधी बाबूंची दाढी, मग स्वतःची. मध्ये उठून जाऊ नये. न्हावी नाही म्हणाला तर भांडू नये, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जावं. भीती घालवायची तर त्याच खुर्चीत, त्याच वस्तऱ्यानं घालवावी लागते. पोळ्याचं तसंच. ज्याने बैलांची शिंगं रंगवली, झूल शिवली, खांदे शेकले, त्याच्याच हातात कासरा राहिला पाहिजे. तोरणापाशी त्याच्या बाजूला मामंजी उभे राहिले तर सांगा, कोण कासरा ओढून घेईल?

शब्दाचंही बोलते. जपाननं २००२ साली या आजाराचं नावच बदललं. जुन्या नावाचा अर्थ 'मन दुभंगण्याचा आजार' असा होता, आणि घरचे ते नाव ऐकूनच खचत. आपल्या पुस्तकांतला 'छिन्नमनस्कता' हाही तसाच शब्द आहे. त्यामुळे लोकांना वाटतं, एका माणसात दोन माणसं राहतात. तसं काही नसतं. सरकार नाव बदलेल तेव्हा बदलेल, तुमच्या अंगणात तुम्ही आज बदलू शकता. घरात कोणीही, रागाच्या भरातही, 'पागल' म्हणायचं नाही, 'औषध घेतलं का रे तू?' हे पाहुण्यांसमोर ओरडायचं नाही. हे मी सुसंस्कृतपणासाठी सांगत नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली छापलेला एक अभ्यास आहे. दवाखान्यातून घरी गेलेले रुग्ण त्यांनी नऊ महिने पाहिले. ज्या घरांत सतत टोचून बोलणं, चिडणं किंवा अतिकाळजीनं गुदमरवणं होतं, तिथे निम्म्याहून जास्त जणांचा आजार पुन्हा उसळला. बाकीच्या घरांत सहातल्या साधारण एकाचाच. नंतर १९८० च्या दशकात चंदीगड आणि भोवतालच्या खेड्यांत तेच पाहिलं, तेव्हा खेड्यातल्या घरांत टोचून बोलणं लंडनपेक्षा कितीतरी कमी निघालं. खेड्याकडे ही एक ताकद आहे, वहिनी. माणसाच्या हाताला काम असतं, अंगण मोठं असतं, दिवसभर कोणी तोंडासमोर बसून हिशोब मागत नाही. ती ताकद आपण कडी लावून वाया घालवतो.

सासूबाईंना लग्नाचं समजावणं अवघड आहे, ते तुम्ही एकटीनं करू नका. डॉक्टरांसमोर त्यांना न्या. बायको म्हणजे औषध नाही. बाबूंनी लग्न करूच नये असं मी म्हणत नाही. आजारासकट संसार करणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्यांना स्वतःला हवं असेल, मुलीला सगळं सांगितलेलं असेल, आणि सांगूनही ती हो म्हणाली असेल, तरच. लपवून लावलेलं लग्न कोर्टात रद्द होऊ शकतं. आणि ते कोर्टापर्यंत गेलं नाही, तर एक परकी पोर आयुष्यभर नर्स होऊन राहते, तेही कोणी न विचारता.

एक गोष्ट मला नको असूनही लिहावी लागते. या आजारात सगळ्यात मोठा धोका गावाला नसतो, त्या माणसाला स्वतःला असतो. अपमानानं, एकटेपणानं माणूस खचतो. फवारणीची औषधं आपल्याकडे सगळ्यांच्या घरात, पडवीत, माळ्यावर ठेवलेली असतात. ती कुलूपबंद पेटीत ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे. बाबूंसाठी नाही, घरातल्या सगळ्यांसाठी. कधी ते गप्प गप्प झाले, झोप उडाली, पुन्हा आवाजांबद्दल बोलू लागले, तर अमावस्या-पौर्णिमा पाहत बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि यवतमाळचा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग आहेच.

अपंगत्वाचा दाखला घेतला आहे का, ते लिहिलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त निघालं तर एसटीच्या तिकिटात सवलत मिळते, आणि निराधार योजनेचं तहसीलमध्ये विचारता येतं. गावच्या आशाताईंना सोबत घ्या. हा दाखला घेतला की 'शिक्का बसेल' असं मामंजी म्हणतील. शिक्का गावानं केव्हाच मारलेला आहे, निदान तिकिटाचे पैसे तरी वाचतील.

'सुनेनं किती बोलावं' याला मी काय उत्तर देऊ? मामंजींशी वाद घालायला मी तुम्हाला सांगणार नाही. त्यांना फक्त एक विचारा. लाह्यांच्या वेळी नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. तो मान कोणाचा? तुमचे मालक थोरले आहेत, ते उभे राहू शकतात, पण आपल्याकडे तो मान धाकट्याचा. बाबूंना तो हवा आहे का, हे त्यांनाच विचारा. नको म्हणाले तर तेही ठीक. गर्दी, डीजेचा आवाज, दोन रात्रींचं जागरण हे सगळं त्यांना जड जाऊ शकतं. तेव्हा रात्री झोपायला एक शांत खोली आधीच ठरवून ठेवा, कडी आतल्या बाजूची. गोळ्यांची वेळ हळदीच्या धावपळीत चुकू देऊ नका, त्या दिवसांपुरती ती जबाबदारी नणंदबाईंच्या एखाद्या मैत्रिणीकडे नको, तुमच्याकडेच असू द्या. दाढी आदल्या दिवशी करून घ्या. आणि इंजेक्शनची तारीख लग्नाच्या आठवड्यात येते का, ते कार्डावर आजच पाहून ठेवा. येत असेल तर डॉक्टरांना विचारून आधीची तारीख मागून घ्या.

तुमची,
ताई